चूक तुमच्या नोंदीत आहे, कबुली माझ्याकडून मागू नका

प्रति,
व्हिसा आणि इमिग्रेशन खात्यांत अर्जदारांच्या नोंदी करणारे, तपासणारे आणि सांभाळणारे सगळे अधिकारी, देश कुठलाही असो

सर, मॅडम, नमस्कार.

माझा जन्म ३ जुलै १९७९ चा आहे. जन्मदाखल्यावर हीच तारीख, पासपोर्टवर हीच, डिग्रीवर, लग्नाच्या सर्टिफिकेटवर, पोलीस क्लिअरन्सवर, सगळीकडे हीच. तुमचा ऑनलाइन फॉर्म मी भरला त्याची पीडीएफ माझ्याकडे आहे, त्यातही हीच आहे. फक्त तुमच्या सिस्टीममध्ये ७ मार्च १९७९ पडलंय. दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस, बस एवढंच. एवढ्यावरून माझा फॅमिली व्हिसा रिजेक्ट झाला, नऊ महिने मी माझ्या मुलीपासून लांब राहिले, आणि ती नोंद अजूनही सगळीकडून पुसली गेलेली नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

कुठला देश, कुठलं ऑफिस ते मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर काउंटरवरच्या ज्या मुलाने मला खरं काय ते सांगितलं त्याची नोकरी माझ्यामुळे अडचणीत यायला नको, आणि दुसरं म्हणजे या काळात मी इतक्या अडकलेल्या लोकांशी बोललेय, वेगवेगळ्या देशांच्या व्हिसासाठी थांबलेल्या, की हे दुखणं एकाच ऑफिसचं नाही हे मला कळून चुकलंय. कुणाच्या नावातलं एक अक्षर गेलंय, कुणाचं आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात बसलंय, कुणाच्या एन्ट्रीवर व्हिसाचा प्रकारच चुकीचा टाकलाय, एका बाईंच्या फाइलला तर दुसऱ्याच कुणाचा तरी पासपोर्ट नंबर चिकटला होता. म्हणून तुम्हा सगळ्यांनाच लिहितेय.

घडलं ते असं. माझे मिस्टर नोकरीसाठी आधी गेले, मागून मी आणि मुलगी जाणार होतो. दोघींचे अर्ज एकाच दिवशी, एकाच काउंटरवर दिले. त्या दिवशी पासपोर्ट स्कॅन करायचं मशीन चालत नव्हतं, म्हणून समोरचे साहेब पासपोर्ट हातात धरून एकेक रकाना हाताने टाइप करत होते, मागे रांग वाढत होती, तेही घाईत होते, मी बघतेय पण स्क्रीन मला दिसत नाही. पासपोर्टवर ०३/०७/१९७९ असं छापलेलं, आणि त्यांच्या स्क्रीनवर बहुतेक आधी महिना मग दिवस असा रकाना असणार. मुलीची जन्मतारीख २१ ची आहे, २१ वा महिना नसतोच, त्यामुळे तिची एन्ट्री उलटी घेताच आली नसती. माझ्या तारखेत दोन्ही आकडे बाराच्या आतले, त्यामुळे सिस्टीमने मुकाट घेतली.

टाइप करणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही हे आधीच सांगते. दिवसाला शेकडो पासपोर्ट हाताळणाऱ्या माणसाच्या हातून दोन आकडे उलटसुलट होणारच. माझं म्हणणं पुढचं आहे, ती चूक झाल्यावर तुमचं खातं तिच्याशी कसं वागतं त्याबद्दलचं.

मुलीचा व्हिसा आला. माझं रिफ्युजल लेटर आलं. त्यात एक वाक्य कामाचं, बाकी सगळं छापील: अर्जातल्या आणि कागदपत्रांतल्या जन्मतारखेत तफावत असल्याने अर्जदाराच्या ओळखीबाबत समाधान झालेलं नाही. मी ते वाचून आधी स्वतःचाच फॉर्म तीनदा तपासला. माझंच काहीतरी चुकलं असणार असंच वाटलं, कारण ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये चूक असू शकते हे आपल्याला सुचतच नाही. तफावत होती ती माझ्या कागदांत आणि तुमच्या टायपिंगमध्ये, पण पत्रात तुमच्या टायपिंगला ‘अर्ज’ म्हटलं होतं.

मुलीच्या व्हिसावर अमुक तारखेच्या आत देशात प्रवेश करा अशी मुदत होती. ती टळली असती तर तिचाही पुन्हा श्रीगणेशा. मग मिस्टर येऊन तिला घेऊन गेले. दोघींची मिळून एकच मोठी बॅग भरून ठेवली होती, त्यातून माझे कपडे मी एकेक करून बाहेर काढले आणि रिकाम्या जागेत तिची पुस्तकं बसवली. ती बाजूला उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

आता ज्याच्यामुळे मला झोप लागेनाशी झाली ते सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणा असलेल्या, मशीनने वाचायच्या. प्रत्येक ओळीत ४४ जागा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, तिच्या डॉक ९३०३ नावाच्या नियमावलीत या ओळींचं सगळं ठरवून दिलेलं आहे आणि जगभरचे पासपोर्ट त्यानुसारच छापले जातात. दुसऱ्या ओळीत १४ व्या जागेपासून १९ व्या जागेपर्यंत जन्मतारीख, आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस. तिथे उलटसुलट वाचायला वावच नाही. आणि त्याच्या पुढच्या, २० व्या जागेवर एक तपासणीचा आकडा असतो, तो कशासाठी तर तारीख नीट उतरवलीय का ते कळावं म्हणून.

हा आकडा कसा काढतात ते मी शिकले. तारखेच्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागून बाकी घ्यायची. रिफ्युजल लेटर ज्या पाकिटातून आलं त्याच्याच मागे पेन्सिलने केलं. माझी तारीख ७९०७०३. सात साते एकोणपन्नास, नऊ त्रिक सत्तावीस, शून्य, परत सात साते एकोणपन्नास, शून्य, आणि तीन. बेरीज १२८, बाकी ८. पासपोर्टवर बघितलं, ८ च आहे. मग तुमची तारीख धरून केलं, ७९०३०७. बेरीज १०४, बाकी ४. म्हणजे माझ्या जन्माची तारीख ७ मार्च असती तर माझ्या पासपोर्टवर तिथे ४ छापलेला असता. तो ८ आहे.

पाच मिनिटांचं काम होतं हो. कॉम्प्युटरला तर क्षणही लागत नाही. तारीख हाताने टाइप केली तर शेजारी तपासणीचा आकडाही टाइप करायला लावायचा आणि जुळला नाही की लाल करायचं, एवढी सोय त्या स्क्रीनवर असती तर तिथल्या तिथे, मी समोर उभी असताना, चूक पकडली गेली असती. आणि तेवढं नाही तरी रिजेक्ट करायच्या आधी कुणीतरी पासपोर्टचं ते पान नुसतं उघडून बघायला हवं होतं. पासपोर्ट तुमच्याच ताब्यात होता.

दुरुस्तीसाठी गेले तेव्हाचा प्रसंग. टोकन घेतलं, दोन तास बसले, नंबर आला. काउंटरवर पंचविशीतला मुलगा होता. मी पीडीएफ, पासपोर्ट, जन्मदाखला समोर ठेवला आणि पाकिटामागची बेरीजही दाखवली. त्याने नीट बघितलं, मग स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. जन्मतारखेचा रकाना करड्या रंगाचा होता, त्याने त्यावर दोनतीनदा क्लिक करून दाखवलं, कर्सर जातच नव्हता. हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, चूक मला दिसतेय, पण निर्णय झाल्यावर हा रकाना लॉक होतो, मला एडिटच करता येत नाही.” कुणाला येतं विचारलं, तर ते त्यालाही माहीत नव्हतं. एक ईमेल आयडी दिला. त्यावरून ऑटो-रिप्लाय आला की केसचा निर्णय झालेला असल्याने या पत्त्यावर उत्तर दिलं जाणार नाही.

मग सात आठवड्यांनी दुरुस्तीचा फॉर्म आला, आणि त्याच्यासोबत एक घोषणापत्र, आणि हेच या पत्राचं मुख्य कारण आहे. घोषणापत्रात छापलेलं होतं की मी खाली सही करणार अशी कबुली देते की माझ्याकडून अर्जात जन्मतारीख चुकीची दिली गेली, ती चूक अनवधानाने झाली, आणि ती दुरुस्त करावी अशी विनंती करते. दुसरा पर्यायच नव्हता. ‘चूक कार्यालयाकडून झाली’ असा चौकोनच नव्हता त्या कागदावर.

सगळ्यांनी मला सांगितलं, करून टाक सही. घरच्यांनी सांगितलं, एका एजंटने सांगितलं, अगदी एका ओळखीच्या वकिलांनीही सांगितलं की सगळे करतात, लवकर सुटशील. मुलगी तिकडे आणि मी इकडे, मला तर उद्याच्या उद्या सुटायचं होतं. पण मी सही केली नाही, आणि का केली नाही ते नीट समजून घ्या.

जवळजवळ प्रत्येक व्हिसा फॉर्ममध्ये कुठे ना कुठे प्रश्न असतो, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेलाय का, तुम्ही कधी चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली आहे का. आज मी कबुली दिली की माहिती माझ्याकडून चुकीची गेली, तर उद्या त्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? ‘नाही’ लिहिलं तर तुमच्याच फाइलमध्ये माझ्या सहीची कबुली पडलेली. ‘हो’ लिहिलं तर संशयाच्या खात्यात. आणि हा संशय किती महाग पडतो ते तुमच्याच कायद्यांत लिहिलंय. अमेरिकेत जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर माफीची वेगळी परवानगी मिळेपर्यंत प्रवेश कायमचा बंद. कॅनडात चुकीच्या माहितीसाठी ५ वर्षं बंदी. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर १० वर्षांपर्यंत. मान्य, अनवधानाने आणि जाणूनबुजून यात फरक करायची सोय असते, पण तो फरक करणार कोण, तर ज्याला पासपोर्टचं पान उघडून बघायला वेळ नव्हता तोच.

हे मी उगाच घाबरून बोलत नाहीये. ब्रिटनमध्ये कुशल कामगारांच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहिलेल्या कितीतरी लोकांना, त्यात भारतातून गेलेलेही होते, टॅक्स रिटर्नमधले आणि व्हिसा अर्जातले उत्पन्नाचे आकडे जुळत नाहीत म्हणून अप्रामाणिक ठरवून कायमच्या वास्तव्याची परवानगी नाकारली गेली. काहींनी आपले टॅक्सचे आकडे स्वतःहून दुरुस्त करून घेतले होते, तर ती दुरुस्तीच त्यांच्या विरुद्ध धरली गेली. शेवटी २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथल्या अपील कोर्टाने बालाजीगारी खटल्यात सांगितलं की होम ऑफिसची, म्हणजे तिथल्या गृहखात्याची, ही पद्धत कायद्याला धरून नाही, आकडे जुळत नाहीत म्हणजे माणूस अप्रामाणिक असं थेट धरता येत नाही, आधी त्याला कळवा की आम्हाला असा संशय आहे, त्याचं म्हणणं ऐका, मग ठरवा. इतकी साधी गोष्ट सांगायला अपील कोर्ट लागलं, आणि तोवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, घरं मोडली होती.

आणखी एक गोष्ट तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं. राहिना इब्राहिम नावाच्या मलेशियाच्या बाई, स्टॅनफर्डला पीएचडी करत होत्या. २००५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्यांना अडवून हातकड्या घातल्या, व्हीलचेअरवर होत्या त्या तेव्हा, सोबत १४ वर्षांची मुलगी. नंतर त्यांचा व्हिसाही रद्द झाला. का? तर २००४ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या एका एजंटने एक फॉर्म उलटा समजून भरला. ज्या याद्यांत त्यांचं नाव नको तिथे खूण करायची होती, त्याने नेमकं उलटं केलं आणि नाव नो फ्लाय लिस्टमध्ये, म्हणजे विमानात बसू न द्यायच्या लोकांच्या यादीत, गेलं. एका चौकोनातली खूण. सरकारने ते मान्य करायला किती वर्षं लावली बघा, खटला उभा राहिला तो थेट २०१३ च्या डिसेंबरमध्ये, आणि २०१४ च्या जानेवारीत न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी निकाल दिला की ही माणसाच्या हातून झालेली चूक आहे, ती सगळ्या रेकॉर्डमधून साफ करा. नऊ वर्षं. तोपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्या बाईंनाच सिद्ध करायला लावलं होतं.

ब्रिटनमधल्या विंडरश प्रकरणाचंही तेच. १९७३ च्या आधी मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये कायदेशीर आलेली माणसं, तिथेच वाढलेली, टॅक्स भरलेली, त्यांच्याकडे अचानक प्रत्येक वर्षाचे पुरावे मागायला लागले. त्यांच्या येण्याची नोंद असलेली जुनी लँडिंग कार्डं होम ऑफिसने स्वतःच २०१० मध्ये नष्ट केली होती. रेकॉर्ड खात्याने संपवायचं आणि पुरावा म्हाताऱ्या माणसाने आणायचा. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं तेव्हा कळलं की काहींना कोंडून ठेवलं होतं, काहींना देशाबाहेर पाठवून झालं होतं.

माझं प्रकरण याच्यापुढे काहीच नाही हे मला कळतं. पण मूळ सवय तीच आहे ना, की रेकॉर्ड म्हणेल ते खरं आणि समोरचा माणूस म्हणेल तो दावा.

नावांचं तर बोलूच नका. अमेरिकेच्या व्हिसावर ज्यांच्या पासपोर्टमध्ये एकच नाव असतं त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी एफएनयू छापतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, आणि मग बँकेत, नोकरीत, लायसन्सवर ती तीन अक्षरंच माणसाचं नाव होऊन बसतात. पासपोर्टच्या खालच्या ओळीत नावाला ३९ च जागा असतात, लांब नावं तिथे कापली जातात आणि मग वरचं नाव आणि खालचं नाव वेगळं दिसतं. जर्मन मूलर हे नाव वर दोन टिंबांच्या यू ने लिहितात, खाली त्याच यू चे यू आणि ई करतात, दोन्ही बरोबर आहेत, नियमावलीतच तसं आहे, तरी कुणीतरी त्याला तफावत म्हणतंच. युद्धातून पळून आलेल्या किती निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख आहे, कारण खरी तारीख कुठे लिहिलेलीच नव्हती आणि फॉर्मला तर काहीतरी हवंच होतं. या माणसांनी काय खोटं सांगितलं? रकान्यात मावत नाही ते रकान्याचं अपुरेपण झालं, माणसाचं नाही.

बरं, मी सही केली नाही, मग काय केलं? घोषणापत्रातली ती ओळ खोडली, बाजूला हाताने लिहिलं की मी दिलेली माहिती पहिल्यापासून बरोबर होती, नोंद करताना कार्यालयाकडून दिवस आणि महिना उलटसुलट झाला, सोबत माझ्या मूळ फॉर्मची पीडीएफ जोडली आहे, आणि त्याच्याखाली सही केली. पासपोर्टच्या पानाची मोठी कॉपी काढून त्या सहा आकड्यांभोवती आणि ८ भोवती गोल केला, बेरीज स्वच्छ अक्षरात लिहिली. फॉर्म परत आला, ‘अपूर्ण’ म्हणून. पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा कुणीतरी वाचला असणार, कारण फोन आला, एका मॅडमचा, आणि त्यांनी चार मिनिटांत विषय संपवला. म्हणाल्या, “पीडीएफवर तारीख दिसतेय, सबमिट केल्याची वेळ पण दिसतेय, तुमची चूक नाहीये ही.” मी फोनवर रडले. नऊ महिन्यांत तुमच्या खात्यातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा, त्यांचं नाव मला कळलं नाही.

नंतर पत्र आलं, दोन ओळींचं. आपल्या नोंदी अद्ययावत करण्यात आल्या आहेत. कुणाच्या चुकीमुळे, काही नाही. रिफ्युजल मागे घेतलं का, काही नाही. व्हिसा मिळाला, मी आले, मुलीला भेटले, ती माझ्यापेक्षा बोटभर उंच झाली होती.

पण गोष्ट तिथेही संपली नाही. विमानतळावर चेक-इनला अर्धा तास थांबवलं, कारण एअरलाइन पासपोर्टवरची माहिती आधी पाठवते आणि तिकडून उत्तर आलं की जुळत नाही. एअरलाइनलाही दोष कसा द्यायचा, चुकीच्या कागदांचा प्रवासी नेला तर दंड त्यांना होतो. आल्यावर बायोमेट्रिकचं अपॉइंटमेंट लेटर आलं, त्यावर परत ७ मार्च. म्हणजे एका ठिकाणी दुरुस्त केलंत पण तीच चुकीची तारीख आधीच ज्यांना ज्यांना पाठवून झाली होती त्यांना कुणी कळवलंच नाही. चूक आपोआप सगळीकडे गेली आणि दुरुस्ती मात्र मी हातात घेऊन दारोदार फिरतेय.

हे कसं करायचं याचे नियम जगात आहेत, मी काही नवीन मागत नाहीये. लोकांची खासगी माहिती जपण्याच्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, कलम १६ म्हणतं की चुकीची माहिती विनाविलंब दुरुस्त करून मिळण्याचा माणसाला हक्क आहे, आणि कलम १९ म्हणतं की दुरुस्ती केली की ती माहिती ज्यांना ज्यांना दिली होती त्या सगळ्यांना कळवायची. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाच्या माहितीच्या सिस्टीममध्ये अर्जाची नोंद ५ वर्षांपर्यंत राहते, नाकारलेल्या अर्जांचीसुद्धा, पण त्याच नियमात स्वतःची नोंद बघायचा आणि चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्कही दिलाय. उलट अमेरिकेचा १९७४ चा प्रायव्हसी अ‍ॅक्ट, ज्याने सरकारी रेकॉर्ड दुरुस्त करून घेता येतं, तो मुळात नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, व्हिसा मागणाऱ्या बाहेरच्या माणसाला सहसा तो हक्क नाही. ज्याची नोंद सगळ्यात जास्त हातांतून जाते त्यालाच ती सुधारायचा हक्क सगळ्यात कमी, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये.

तर माझं मागणं. निर्णय घ्यायच्या आधी, अगदी काउंटरवरच, तुम्ही काय टाइप केलंय त्याची एक प्रिंट आमच्या हातात द्या, आम्ही तिथेच वाचून सही करतो, मग पुढची जबाबदारी आमची. मी तर आता कुठल्याही काउंटरवरून प्रिंट वाचल्याशिवाय हलत नाही, बाकीच्यांनाही तेच सांगते, आणि भरलेल्या फॉर्मची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा हेही, माझा सगळा बचाव त्या एका फाइलवर उभा राहिला. तफावत सापडली तर रिजेक्शनच्या आधी एक ईमेल करा, आम्हाला ही दोन ठिकाणं जुळत नाहीत, तुमचं काय म्हणणं, दहा दिवस द्या. काउंटरवरच्या मुलाला एडिट करायचे अधिकार देऊ नका हवं तर, सुरक्षेचं कारण मला समजतं, पण कुणाकडे ते अधिकार आहेत हे तरी त्याला माहीत असू द्या आणि तिथवर कागद पोचवायची एक वाट असू द्या. चूक तुमच्याकडून झाली असेल तर दुरुस्तीत लागलेला वेळ आमच्या मुदतीतून धरू नका. आणि दुरुस्तीच्या फॉर्मवर तो एक चौकोन छापा. ‘चूक कार्यालयाकडून.’ त्यावर खूण झाली की तुमच्या पत्रातही तसं एक वाक्य येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मला दाखवायला काहीतरी असेल.

माफी मी मागत नाहीये. नऊ महिने परत मिळणार नाहीत हे मला माहितीये, पण ते वाक्य मला लेखी हवंय, माझ्या फाइलमध्ये, जिथे ७ मार्च पडलं होतं तिथेच.

पुढच्या महिन्यात माझं रिन्यूअल आहे. पुन्हा कुणीतरी माझी फाइल उघडेल आणि कुठल्यातरी जुन्या सिस्टीममधून ती दुसरी तारीख वर येऊ शकते. तेव्हा जे कुणी त्या खुर्चीत असाल त्यांना हात जोडून विनंती, तफावत असा शेरा मारायच्या आधी माझा पासपोर्ट हातात घ्या, फोटोचं पान उघडा, खालची दुसरी ओळ, चौदाव्या जागेपासून वाचा. सात, नऊ, शून्य, सात, शून्य, तीन. आणि त्याच्यापुढे आठ.

आपली,
एक अर्जदार
(जन्मतारीख ३ जुलै १९७९)